धाम नदीचा पूल

सेलू तालुक्यातल्या एका महाविद्यालयाचं स्नेहसंमेलन. प्रमुख पाहुणे निवृत्त शिक्षक. पाय मोडल्याने तीन महिने खाटेवर पडून होते, ते काठी टेकत माइकपर्यंत आले आणि आधी एवढंच विचारलं, "पवनारचा पूल रोज कोण कोण ओलांडतं?" एसटीने येणाऱ्या पोरापोरींचे हात वर गेले.

त्याच पुलाची गोष्ट त्यांनी सांगितली. 1938 साली विनोबांची प्रकृती पार ढासळली होती. वजन 88 पौंड, म्हणजे जेमतेम चाळीस किलो. गांधीजींनी थंड हवेच्या ठिकाणी विश्रांती घ्यायला सुचवलं. विनोबांनी मात्र वर्ध्याजवळचं पवनारच निवडलं. तिथे नदीकाठी जमनालाल बजाज यांचा बंगला होता. गांधीजींची अट एकच, कामाची सगळी काळजी मागे ठेवून जायचं. गाडी धामच्या पुलावर आली तेव्हा विनोबा तीनदा म्हणाले, "संन्यस्तं मया". मी सोडलं.

पाहुणे इथे थांबले.

"मला हे जमलं नव्हतं," ते म्हणाले. प्लास्टरमधला पाय उशीवर, पण मन दिवसभर शेतात. तुरीला पाणी दिलं का, फवारणी झाली का, दर तासाला फोन. घरचे कावले, झोप उडाली. महिन्याभराने त्यांनी शेताचा हिशोब मुलाच्या हाती दिला आणि खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या. आधी वाटीभर, मग टोपलीभर. त्या रात्री गाढ झोप लागली, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला.

विनोबांनीही पवनारला कुदळ हाती घेतली होती. सुरुवातीला काही मिनिटंच खणायचे, दम लागला की थांबायचे. मग वेळ हळूहळू वाढवत नेला. काही महिन्यांत वजन 128 पौंडांवर गेलं.

धुळ्याच्या तुरुंगाचा उल्लेख ओघातच आला. 1932 साली तिथे कैदेत असताना विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यातल्या बाराव्या अध्यायावर बोलताना राम-भरताच्या भेटीचं चित्र कुणी काढावं, असं विनोबांनी म्हटलं होतं. पुढे पवनारला खणताना कुदळीखाली एक जुनं शिल्प लागलं. माती झाडली, तर तीच भेट.

"ते शिल्प आजही आश्रमात आहे," पाहुणे म्हणाले. "परतताना दहा मिनिटं उतरा, बघून या."

मागच्या रांगेतून कुणीतरी शेवटच्या एसटीची वेळ विचारली.