मार्जाराचा कोप
पाठीची कमान करून केस पिंजारलेले मांजर रागावले आहे, असा आपला समज असतो. वस्तुतः ते मुख्यतः भीतीचे लक्षण होय. भावदर्शनावरील आपल्या १८७२ सालच्या ग्रंथात डार्विनने हा भेद केला आहे. खरोखर चिडलेले मांजर अंग लांबवून दबते, कान मागे चिकटवते, शेपटी किंवा तिचे केवळ टोक इकडून तिकडे हलवू लागते; केस मात्र उभारत नाहीत. कचेरीतही ओरडणाऱ्यापेक्षा अबोल झालेल्याचीच धास्ती अधिक! मांडीवरच्या मनीची शेपटी अशी हलू लागली, की कुरवाळणारा हात तत्क्षणी आवरावा. मुलांना हे अवश्य दाखवावे. तिच्या सुळ्यांची जखम दिसते सुईच्या टोकाएवढी, पण जाते खोल. ती वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीविषयी डॉक्टरांना विचारावे.