माजी, भावी आणि आजी

(दहावी १९८६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात २९ डिसेंबर २०२४ रोजी सातपूर येथे केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू न्यू जर्सीला राहतेस, नोव्हेंबरात तिकडे मोठी निवडणूक झाली, तर तिथल्या लोकशाहीवर पंधरा मिनिटं बोल." मी पटकन हो म्हटलं. पहिल्या रांगेत आपल्या नागरिकशास्त्राच्या बाई बसणार आहेत, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून झोप नीट नाही.

नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय. परीक्षेच्या तोंडावर उरकायचा, असा सगळीकडचा रिवाज. बाईंनी मात्र तो कधी उरकला नाही. आठवीत असताना त्यांनी शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक घेतली होती, आठवतं का? खडूचा रिकामा खोका, वर ब्लेडने पाडलेली चीर, वहीच्या पानाच्या चिठ्ठ्या. मोजणी सगळ्यांदेखत फळ्यावर झाली, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. मी स्वच्छतामंत्रिपदासाठी उभी होते आणि तीन मतांनी पडले.

ही गोष्ट १९८३ ची. त्या दिवशी आपल्या कुणाच्या लक्षात न आलेली एक गंमत पुढे मला कळली. आपण वर्गात मतं मोजत होतो, तेव्हा सातपूरचा कारभार पाहायला लोकांनी निवडून दिलेलं कोणीच नव्हतं. ७ नोव्हेंबर १९८२ ला नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि आजूबाजूची वीसहून जास्त गावं एकत्र करून नाशिक महापालिका झाली. आपण सातवीत होतो. मला आठवतंय ते एवढंच, की वडील पहिल्या पाळीहून आले आणि सायकल लावता लावता आईला म्हणाले, "सातपूर आता नाशकात गेलं." महापालिका झाली, पण तिची पहिली निवडणूक झाली १९९२ मध्ये. मधली दहा वर्षं प्रशासक. म्हणजे आपली दहावी, बारावी, कुणाचं आयटीआय, कुणाची पहिली नोकरी, कुणाचं लग्न, एवढं सगळं होऊन गेलं आणि आपल्या शहराला नगरसेवक नव्हता. सातपुरात त्या दहा वर्षांत स्थानिक म्हणावी अशी निवडणूक झाली ती बहुधा बाईंच्या वर्गातच!

१९९२ मध्ये मी आईबरोबर मतदानाला गेले. आईने ठेवणीतली साडी नेसली होती. सातपूरच्या नगरसेवकासाठी मी दिलेलं ते पहिलं मत, आणि शेवटचंही. १९९६ ला लग्न होऊन तिकडे गेले.

आता अमेरिकेकडे वळते, नाहीतर संयोजक चिठ्ठी पाठवतील.

२००९ मध्ये मी तिथलं नागरिकत्व घेतलं. त्यासाठी एक तोंडी परीक्षा असते. तेव्हा शंभर प्रश्न आधीच छापून द्यायचे, त्यातले दहा विचारायचे, सहा बरोबर आले की पास. घटनेत किती दुरुस्त्या झाल्या? सत्तावीस. सिनेटमध्ये किती सदस्य? शंभर. सरकारची एक शाखा डोईजड होऊ नये म्हणून काय व्यवस्था आहे? शाखांनी एकमेकींवर ठेवलेला अंकुश. कायदा करणारे वेगळे, अंमल करणारे वेगळे, न्याय करणारे वेगळे. बाईंनी शिकवलेलं सत्तेचं विभाजन ते हेच. मी भराभर उत्तरं दिली. मग अधिकाऱ्याने विचारलं, लोकशाहीत भाग घेण्याचे दोन मार्ग सांगा. मान्य असलेल्या उत्तरांची मोठी यादीच आहे: मत देणं, निवडणुकीला उभं राहणं, प्रचारात मदत करणं, प्रतिनिधीला फोन करून आपलं म्हणणं सांगणं, वर्तमानपत्राला पत्र लिहिणं. मी म्हटलं, मत देणं आणि पत्र लिहिणं. पास झाले. घरी येताना मनात आलं, यादीतल्या बाकीच्या गोष्टी मी आयुष्यात कधीच केलेल्या नाहीत. फोन करून प्रतिनिधीला सांगायचं? आपल्याकडे नगरसेवकाच्या दारात जातात तेही चार जणांना बरोबर घेऊन.

मग शपथविधी. त्या शपथेत आधीच्या देशावरची निष्ठा सोडत असल्याचं स्पष्ट शब्दांत म्हणावं लागतं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून भारतीय पासपोर्टही परत केला. आईला फोनवर सांगितलं. तिने इतकंच विचारलं, "म्हणजे तुझं नाव आता आपल्या यादीत नाही?" मी नाही म्हटलं. बराच वेळ ती काही बोलली नाही.

तर मैत्रिणींनो, आज मला इथे मत नाही. पण माझं एक मत आहे, आणि पाहुणी म्हणून ते ऐकून घ्या.

अमेरिकेच्या लोकशाहीचं कौतुक करायला मी उभी नाही. १७८७ ला फिलाडेल्फियात घटना लिहिली तेव्हा लोकसंख्या मोजताना गुलाम माणूस तीन-पंचमांश धरला होता. बायकांना मत देण्याची हमी घटनेत आली ती १९२० मध्ये. दक्षिणेतल्या काळ्या लोकांना ते खऱ्या अर्थाने मिळायला १९६५ चा कायदा यावा लागला. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत माझ्या आजीने मत दिलं होतं, सही न येता. शिवाय तिथे राष्ट्राध्यक्ष थेट मतांनी निवडला जातच नाही. ५३८ निर्वाचक असतात, त्यातले २७० ज्याच्याकडे तो जिंकला. २००० मध्ये आणि २०१६ मध्येही देशभरात कमी मतं मिळालेला उमेदवार अध्यक्ष झाला. माझ्या मुलाला हे समजावताना माझीच तारांबळ उडाली.

मला तिथे जे आवडलं, ते वॉशिंग्टनमध्ये नाही, माझ्या गावात आहे. निवडणुकीआधी घरी नमुना मतपत्रिका येते. त्यावर वर राष्ट्राध्यक्ष आणि खाली उतरत उतरत गावच्या कौन्सिलचा सदस्य, शाळेच्या बोर्डाचा सदस्य. एका वर्षी ग्रंथालयाची वेळ कमी करण्याचा ठराव आला. मी पहिल्यांदाच कौन्सिलच्या बैठकीला गेले. कुणीही जाऊ शकतं. बैठका उघड्या ठेवण्याचा न्यू जर्सीचा कायदाच आहे, १९७५ चा. नाव-पत्ता सांगायचा आणि तीन मिनिटं बोलायचं. हात थरथरत होते, इंग्रजी अडखळत होतं. बोलले. शेवटी क्लार्कने एकेका सदस्याचं नाव पुकारलं आणि प्रत्येकाने आमच्याकडे बघत मोठ्याने हो किंवा नाही म्हटलं. ठराव आमच्या विरोधात गेला, ग्रंथालयाची वेळ कमी झाली. पण हो म्हणणाऱ्यांची नावं मला आजही पाठ आहेत.

आणखी एक गंमत सांगते. नागरिक झाल्यावर ज्युरीचं बोलावणं येतं, ते टाळता येत नाही. आपल्याकडेही ज्युरी होती. १९५९ चा नानावटी खटला मुंबईत ज्युरीपुढेच चालला. मी एक दिवस कोर्टात बसून राहिले, माझी निवड झाली नाही. नंतर पोस्टाने भत्त्याचा चेक आला. पाच डॉलर! तो मी अजून वटवलेला नाही.

आता माझा खरा मुद्दा. अमेरिकेच्या घटनेत गावाचा, शहराचा साधा उल्लेखही नाही. आपल्या मूळ घटनेतही शहरांच्या कारभाराबद्दल फारसं काही नव्हतं. पण आपण ती उणीव भरून काढली. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. अनुच्छेद २४३-यू सांगतो की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. सातपूरने भोगलेली दहा वर्षं पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नयेत, असंच जणू त्यात लिहिलंय.

आणि प्रत्यक्षात? नाशिक महापालिकेची शेवटची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. १२२ नगरसेवक, बहुतेक प्रभाग चार-चार जणांचे. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक. मुंबईतही मार्च २०२२ पासून तेच, छत्रपती संभाजीनगरमध्ये तर एप्रिल २०२० पासून. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, सदस्यसंख्या, असे वाद सर्वोच्च न्यायालयात आहेत. ते वाद खोटे नाहीत. आरक्षणाचा प्रश्न नीट सुटला पाहिजे, असं मलाही वाटतं. पण मधल्या काळात राज्यातलं सरकार बदललं, लोकसभा झाली, विधानसभा झाली. तुम्ही या एकाच वर्षात २० मे ला आणि २० नोव्हेंबरला, असं दोनदा बोटाला शाई लावून घेतलीत. आईने मला तिच्या बोटाचा फोटो दोन्ही वेळा पाठवला. सगळ्यात जवळचं मत तेवढं राहिलं.

कुणी म्हणेल, काय बिघडतं? कामं तर चालू आहेत. प्रशासक चांगलाही असू शकतो, मी कुणा अधिकाऱ्याला नावं ठेवत नाही. पण कामाची रीत बघा. एरवी आयुक्त अंदाजपत्रक तयार करतात, ते स्थायी समितीपुढे जातं, मग महासभेपुढे. तिथे आरडाओरडा होतो, कधी माइक तुटतात, पेपरात फोटो येतात, आपण हसतो. प्रशासकाच्या राजवटीत महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार आयुक्तांकडेच असतात. म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा माणूस एकच. मला त्या परीक्षेत विचारलेला अंकुशाचा प्रश्न इथे सातपुरात, त्र्यंबक रोडवर येऊन उभा राहतो. आणि अंकुश ठेवायला नावं घेऊन हो-नाही विचारावं, असं समोर कुणी नाही.

लिंकनच्या काळात अमेरिकेत यादवी चालू होती, निम्मा देश दुसऱ्या निम्म्याशी लढत होता. तरी ८ नोव्हेंबर १८६४ ला ठरल्या दिवशी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. दिवस कायद्याने ठरलेला होता, आजही ठरलेला आहे: नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. तो पुढे ढकलणं राष्ट्राध्यक्षाच्याही हातात नाही. त्यांच्याकडून घ्यायचंच असेल तर मी एवढा मंगळवार घेईन, निर्वाचक मंडळ त्यांचं त्यांना ठेवू दे.

परवा विमानतळावरून येताना सातपूरपर्यंत मी फलक वाचत आले. वाढदिवसाच्या शुभेच्छांवर कुठे "माजी नगरसेवक", कुठे "भावी नगरसेवक". भाच्याला विचारलं, "अरे, आजी-माजी म्हणतात ना, मग आजी कुठंय?" तो म्हणाला, "आजी घरी आहे ना, तुझी वाट बघतेय." आई आता ८१ वर्षांची आहे. घरी पोचल्यावर तिने चहाबरोबर मला विचारलं, तुमच्याकडे नगरसेवकाची निवडणूक होते का गं वेळेवर? मी म्हटलं, पंधरा वर्षांत एकदाही चुकली नाही. ती म्हणाली, "मग बरंय, एकीचं तरी होतंय."

जेवणाचा वास यायला लागलाय, तेव्हा थांबते. फक्त एक राहिलं. आठवीत मी तीन मतांनी पडले होते. माझ्याच बाकावरच्या दोघींनी तेव्हा शपथेवर सांगितलं होतं की मत मलाच दिलं. त्या दोघी आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मतदान गुप्त असतं, बाईंनी शिकवलंय. पण एकेचाळीस वर्षं झाली आता. जेवताना खरं काय ते सांगून टाका.