कडवे वाल कुठे मिळतात?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू लंडनला असतेस, तिकडचं काहीतरी सांग. दहा मिनिटं." माझं काम सॉफ्टवेअरचं. त्यावर बोलायला लागले तर मागचा बाक तेव्हा झोपायचा तसाच आताही झोपेल. म्हणून मी खाण्यावर बोलणार आहे. मंडपामागून रश्शाचा वास यायला लागलाय, तेव्हा विषय अगदीच अवेळी नाही.

आपल्या खाडीपट्ट्याला परदेश काही नवा नाही. आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील, काका नाहीतर मामा जहाजावर नाहीतर कुवेत-दुबईला होते. कोकणातले मुसलमान बांधव तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला जाऊन वसले. तुडीलच्या मुलीने परदेशी जाणं यात विशेष काही नाही. फरक एवढाच, की आधीची माणसं एकटी जायची, दोन वर्षांनी परत यायची आणि घरी आल्यावर पोटभर जेवायची. आम्ही संसार घेऊन गेलो. रोजची चूल तिकडेच पेटणार म्हटल्यावर तिच्यावर काय शिजवायचं, हा प्रश्न रोजचा झाला.

लोणेऱ्याला इंजिनिअरिंग करून, काही वर्षं पुण्यात नोकरी करून मी २००९ साली लंडनला गेले. तिथे भारतीय सामान मिळत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वेम्बली भागात ईलिंग रोड म्हणून रस्ता आहे. तिथे गेलात तर महाडच्या बाजारापेक्षा जास्त सामान दिसेल. पोहे तीन जाडीचे, साबुदाणा, शेंगदाणे, हिंग, गूळ, भाकरीचं पीठ, मोदकाचं पीठ. कोकमसुद्धा मिळतं, कारण गुजराती लोक ते डाळीत घालतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे. गणपतीत तिथे उकडीचे मोदक असतात, एरवी साबुदाणा वडा, मिसळ, पुरणपोळी. त्यामुळे "आम्ही फार हाल काढले" असं काही मी सांगणार नाही.

पण ते सगळं 'भारतीय' जेवण, नाहीतर 'मराठी' जेवण. आपण जे खाऊन मोठे झालो ते त्यात कुठे होतं? उकड काढून केलेली तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सुकट, नाचणीची आंबील, पावसातला अळू, थंडीतलं वालाचं बिरडं. हे हॉटेलात मिळत नाही, मंडळाच्या कार्यक्रमात मिळत नाही, आणि 'मराठी पदार्थ' म्हणून कुणी त्याची जाहिरातही करत नाही. ते शोधावं लागतं.

आणि शोधताना मला पहिल्याच वर्षी एक गोष्ट कळली. आपली वस्तू आपल्या नावाने मागितली तर मिळत नाही. तिचं दुसऱ्याच्या घरचं नाव माहीत पाहिजे. संगणकावर शोधताना आम्ही हेच करतो. एका शब्दाने नाही सापडलं तर दुसरा शब्द घालून बघतो. मी एक यादीच सुरू केली. पहिल्या रकान्यात आपलं नाव, दुसऱ्यात त्यांचं नाव, तिसऱ्यात दुकान. आज त्या यादीत चाळीसेक ओळी आहेत. त्यातल्या थोड्या सांगते.

कुळीथ मला श्रीलंकेच्या तमिळ माणसाच्या दुकानात सापडला. त्याचं तिथलं नाव 'कोळ्ळू'. त्याच दुकानात नाचणीचं पीठ होतं, त्यावर लिहिलेलं 'कुरक्कन'. तांबडा तांदूळ होता, खवलेलं खोबरं बर्फात गोठवून ठेवलेलं होतं. 'गोरका' म्हणून काळ्या वाळक्या फोडी होत्या. चाखून बघितल्या तर आंबट. नंतर कळलं, हा कोकमाचा सख्खा भाऊ, त्याच कुळातलं झाड. तिकडे तो माशाच्या कालवणात घालतात, आपण सोलं घालतो तसा.

नाचणी पुढे आणखी एका ठिकाणी भेटली. ऑफिसातली एक केनियाची मैत्रीण सकाळी डब्यातून पेज आणायची. रंग बघूनच मी विचारलं. ती म्हणाली 'उजी', 'विंबी'च्या पिठाची. विंबी म्हणजे नाचणीच. मी तिला सांगितलं, हे आमच्याकडचं धान्य आहे. ती हसली आणि म्हणाली, आमच्याकडचं आहे. घरी जाऊन वाचलं तर तिचंच खरं. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. आपल्या वरकस जमिनीत आजीने पेरलेली नाचणी हीच मुळात परदेशातून आलेली पाहुणी होती.

अळूची पानं मला कॅरिबियन बेटांवरच्या लोकांच्या दुकानात मिळाली. त्रिनिदादवाले त्याची 'कॅललू' करतात. पण जमैकावाल्याकडे कॅललू मागितलीत तर तो माठ देईल. दोघांचं नाव एक, भाजी वेगळी. माझ्या यादीत ही ओळ लाल अक्षरात आहे. कच्चा फणस तर आता तिथल्या मोठ्या दुकानांत डब्यात मिळतो. मांस न खाणारे गोरे लोक तो मसाल्यात परतून बर्गरमध्ये घालतात. आपल्या फणसाच्या भाजीची एवढी बढती झालेली बघून आईला फार हसू आलं.

आता जवळा. हा प्रश्न नाजूक. गावाहून सुकट न्यायची म्हटलं तर तीन पिशव्या, वर डबा, डब्याभोवती चिकटपट्टी, तरी बॅग उघडली की सगळ्या साड्यांना अगोटीच्या बाजाराचा वास. तो प्रश्न नायजेरियन लोकांनी सोडवला. दक्षिण लंडनमध्ये पेकम भागात त्यांची दुकानं आहेत. तिथे 'क्रेफिश' म्हणून जे विकतात ती सुकवलेली बारीक कोळंबी असते. थोडा धुराचा वास असतो. पण कांदा, खोबरं, लाल तिखट आणि कोकम घालून केली की डोळे मिटून खाणाऱ्याला फरक कळणार नाही. माझ्या मुलाला कळत नाही. मला कळतो.

कधीकधी वस्तू असते, पण सरकार अडवतं. बोंबलाला इंग्रज 'बॉम्बे डक' म्हणतात आणि त्यांच्यातले बरेच जण तो आवडीने खात. १९९७ साली युरोपात सुक्या बोंबलाच्या आयातीवर बंदी आली, कारण मासा उघड्यावर वाळवतात. ब्रिटनमधल्या खवय्यांनी ओरड केली. पुढे नियम बदलला: वाळवा उघड्यावर, पण पॅकिंग मान्यता असलेल्या ठिकाणी करा. मी तिथे असताना १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आपल्या आंब्यावर बंदी घातली, कारण मालात फळमाशी सापडली. त्याच आदेशात अळू, कारलं, पडवळ आणि वांगंही होतं. वर्तमानपत्रांत हापूसचा गवगवा झाला, अळूसाठी कुणी रडलं नाही. आंब्याची बंदी २०१५ चा हंगाम सुरू व्हायच्या आत उठली. तूप आणि पेढे तर आजही बॅगेतून नेता येत नाहीत. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेण्यास बंदी आहे. आया-काकूंनी हे कृपया ध्यानात ठेवावं. विमानतळावर कचऱ्याच्या पेटीत जाणारा पेढा बघवत नाही.

या यादीत एक ओळ सोळा वर्षं रिकामी आहे. पहिल्या रकान्यात लिहिलंय 'कडवे वाल'. पुढचे दोन्ही रकाने कोरे.

वाल मिळतात. गुजराती दुकानात मोठे, पांढरट, गुळगुळीत वाल मिळतात. पापडीचे ताजे दाणेही गोठवलेले मिळतात. पण आपले ते बारीक, तांबूस, मोड आल्यावर किंचित कडू लागणारे वाल नाहीत. तमिळ दुकानात नाहीत, आफ्रिकन दुकानात नाहीत, चिनी दुकानात नाहीत. कारण ते दुसऱ्या कुणाचे नाहीतच. म्हणून त्यांना दुसरं नावही नाही.

ते आई पाठवते. दरवर्षी मार्चनंतर जो कुणी येणारा असेल त्याच्या हाती दोन किलो. लंडनच्या थंडीत त्यांना मोड येत नाहीत, म्हणून मी ते भिजवून, फडक्यात बांधून गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवते. तिसऱ्या दिवशी मोड येतात. मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. शनिवारची अख्खी दुपार जाते. मुलगी सोलायला बसते, आणि तेवढा वेळ आमच्या घरात फोन कुणी बघत नाही.

दोन वर्षांपूर्वी आईने दोनऐवजी अर्धा किलो पाठवले. मी फोन केला तर म्हणाली, "ह्या वर्षी एवढेच मिळाले गं. कोण लावतंय आता?" मला वाटलं ती आपल्या घरापुरतं बोलतेय. गेल्या डिसेंबरात सुट्टीवर आले तेव्हा मुद्दाम फिरून बघितलं. भात कापून झाल्यावर जमिनीतल्या ओलीवर आपल्याकडे वाल पडायचे, तुम्हाला आठवत असेल. शाळेच्या वाटेवर थंडीत दोन्ही बाजूंना हिरवं असायचं आणि आपण शेंगा तोडून ओरडा खायचो. त्याच शेंगांची आपण मडक्यात, भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लावायचो. आता त्या वाटेला सगळं पिवळं गवत आहे.

मी दोन-तीन जणांना विचारलं, वाल का लावत नाही? सगळ्यांचं उत्तर एकच. एकट्याने लावून उपयोग नाही. पूर्वी सगळ्यांच्या शेतात पीक असायचं, म्हणून गुरं बांधलेली असायची आणि राखणही सगळ्यांची मिळून असायची. आता दहा शेतांपैकी आठ ओस. त्यांचे मालक मुंबईला, आखातात, नाहीतर माझ्यासारखे लंडनला. उरलेल्या दोघांनी पेरलं तर मोकाट गुरं आणि रानडुकरं त्या दोघांचंच खातात. दोन वर्षं नुकसान सोसून तेही थांबतात.

हे ऐकल्यावर मी माझ्या यादीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. कुळीथ तमिळ माणूस पेरतो, म्हणून मला कुळीथ मिळतो. विंबी केनियावाले पेरतात, म्हणून नाचणी मिळते. अळूची काळजी त्रिनिदादवाला घेतो. आपल्या कडव्या वालाची काळजी घेणारं जगात दुसरं कुणी नाही. रायगडच्या शेतकऱ्याने सोडले तर ते लंडनलाच नव्हे, तुडीललाही मिळणार नाहीत. आणि घरात राखेत घोळवून ठेवलेलं बी दोन-तीन वर्षं पेरलं नाही तर मग पेरूनही उपयोग नाही.

म्हणून आज एक विनंती करते. आमच्या वडिलांची जमीन सहा वर्षं पडीक आहे. या वर्षी ती चुलतभावाने कसायची ठरली आहे. नोव्हेंबरात भात निघालं की तिथे वाल पडतील. आमच्या बांधाला लागून ज्यांची शेतं आहेत, त्यांच्यातले सात जण या मंडपात बसले आहेत. मी मघाशी मोजले. त्या सातांनी एकाच वर्षी वाल टाकले, नाहीतर टाकायला दुसऱ्या कुणाला शेत दिलं, तर एकच कुंपण सगळ्यांना पुरेल. कुंपणाचा अर्धा खर्च मी देते. बाकीचा अर्धा आखातातल्या मित्रांकडे मागणार आहे, त्यांनी आत्ताच खाली बघू नये. ज्यांच्या घरी जुनं, आपल्या शेतातलं बी अजून आहे, त्यांनी आज जाताना आईकडे मूठभर नोंदवून जावं. बाजारातलं बी नको.

सर, बाई, तुम्हाला एक वेगळी विनंती. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन वाफे वालाला द्या. आठवीच्या मुलांना भिजवण्यापासून सोलण्यापर्यंत सगळं करू द्या. आमच्या वेळी तुम्ही कार्यानुभवाच्या तासाला आम्हाला खडूच्या कांड्या करायला लावल्या होत्या. त्यापेक्षा हे चविष्ट होईल.

आज जेवणात बिरडं आहे असं कळलं. वाल कुणाच्या शेतातले आहेत ते विचारून घ्या, आणि त्याच्याकडे बी शिल्लक आहे का तेही विचारा.  आता पंगतीला बसू या.