नोकरी, हळद आणि कायद्याची सीईटी

आम्ही सात जणी बोलतोय, हिंगोली आणि सेनगाव तालुक्यांतल्या. एक अंगणवाडीत आहे, एक आशा आहे, एक पतसंस्थेत कारकून, एक ग्रामपंचायतीत संगणक चालवते, एक खासगी दवाखान्यात नर्स आणि दोघी बचत गटांची दप्तरं सांभाळतात. साती जणींनी वकिलीच्या शिक्षणासाठीची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, नोकरी करतच द्यायचं ठरवलं. घरच्यांनी त्याला खूळ म्हटलं. म्हणू द्या.

हे डोक्यात आलं कुठून? गटाच्या बैठकीत हप्त्याचं बोलणं संपलं की बाया खरं बोलायला लागतात. भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय, करू का? नवऱ्यानं घराबाहेर काढलंय, राहायला जागा मागता येते का? २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, हे आम्हाला माहीत आहे. पण त्या बाईसोबत कोर्टात उभं राहायचं तर माहीत असून भागत नाही, सनद लागते.

आता परीक्षेचं. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हीच्या परीक्षा राज्याचा सीईटी कक्ष घेतो, संगणकावर. वयाची अट नाही. प्रश्न मराठीतही येतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. कायद्याची समज, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी असे विषय आहेत; पाच वर्षांवाल्यांना थोडं गणितही. तीन वर्षांच्या परीक्षेत साधारण एक तृतीयांश गुण एकट्या इंग्रजीचे असतात, आणि आपल्याकडच्या बाया तिथंच अडतात.

जुनी पुस्तकं स्वस्त मिळतात, आम्हीही घेतली. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. जुन्या पुस्तकात खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ असतं, आता ते १०३ झालं. सासरच्या छळाचं ४९८ अ आता ८५ मध्ये गेलं. तेव्हा पुस्तक घेताना आधी छापल्याचं वर्ष बघायचं.

वेळेचं काय, हे सगळ्याच विचारतात. पहाटे चारला उठा, असं शहरातले क्लासवाले सांगतात. आपण चारला उठतोच, पण ती वेळ पाण्याची आणि डब्यांची. त्यात परीक्षा साधारण मार्च ते मे या दिवसांत येते. तेव्हाच आपल्याकडं हळद निघते, शिजते, वाळत पडते. पतसंस्थेत मार्चअखेर असते, ग्रामपंचायतीत वसुली असते. म्हणून आम्ही पोळ्यानंतर सुरुवात केली आणि संक्रांतीपर्यंत सगळं एकदा वाचून संपवलं. हळदीच्या दिवसांत नवीन काहीच घ्यायचं नाही, फक्त उजळणी.

रोज सलग दोन तास कोणालाच मिळाले नाहीत. मिळाली ती वीस-वीस मिनिटं. इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ आम्ही आपल्याच आवाजात मोबाइलमध्ये भरले आणि भाकरी थापताना ऐकले. एकीची सासू ऐकून ऐकून आमच्याआधी शब्द सांगायला लागली! चालू घडामोडींसाठी प्रत्येकीनं आठवड्यातला एक दिवस वाटून घेतला. जिचा दिवस तिनं पेपर वाचायचा आणि पाच ओळी ग्रुपवर टाकायच्या. रविवारी मात्र एका घरी जमून घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायचा. लेकरं त्या दोन तासांपुरती एका आजीकडं. संगणकाची सवय ग्रामपंचायतवालीनं करून दिली. माऊस धरताना हात थरथरला तर येणारा प्रश्नही जातो.

इथपर्यंतचं जमतं, हे आम्ही खात्रीनं सांगतो. खरी अडचण पुढं आहे आणि ती कोणी आधी सांगत नाही.

कायद्याची पदवी घरबसल्या, पत्राद्वारे मिळत नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाच्या तासांना ७० टक्के हजेरी लिहिलेली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कौन्सिलनं परिपत्रक काढून नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती जाहीर करावी आणि मालकाचं ना-हरकत पत्र द्यावं, असं सांगितलं. आमच्यातल्या एकीला गुण चांगले पडले, कॉलेजही मिळत होतं. पण तिच्या ठिकाणी साहेबांनी पत्र द्यायला साफ नकार दिला. घरात कमावणारी ती एकटीच. तिनं प्रवेश घेतला नाही. त्या दिवशी आम्ही कोणीच पुस्तक उघडलं नाही.

म्हणून अर्ज भरण्याआधीच कामाच्या ठिकाणी बोलून घ्या. कॉलेजात जाऊन तास किती वाजता असतात ते विचारा. परभणी किंवा नांदेडला रोज जाऊन-येऊन नोकरी होणार नाही, हे स्वतःशी मान्य करा. तिथं खोली करून राहायचं तर पैसा आधी लागतो. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोकरी धरली, पैसे साठवले आणि १९२० मध्ये ती सोडून उरलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. बॅरिस्टर झाले ते तिथंच. आधी नोकरी, मग शिक्षण, हाही रस्ता आहे. आमच्यातल्या दोघींनी तोच धरलाय. दर महिन्याला गटात वेगळी रक्कम टाकतात, दोन वर्षं टाकणार आहेत.

फीचं थोडं सोपं झालंय. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. पण प्रवेश सरकारी फेरीतून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर माफी नाही. एससी-एसटीच्या मुलींच्या योजना वेगळ्या आहेत, त्या समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाकडं विचारा.

मुक्त विद्यापीठाच्या पदवीबद्दलही सांगतो. बारावी होऊन मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं असेल तर चालतं. बारावी न करता पूर्वतयारीवरून थेट बी.ए. केलं असेल, तर कायद्याच्या प्रवेशाला ते चालत नाही. अशा मैत्रिणींनी वर्षभर सीईटीची पुस्तकं घेऊन बसू नये, आधी बारावीचं बघावं.

आणि नाव! गुणपत्रिकेवर माहेरचं, आधारवर सासरचं, जातीच्या दाखल्यावर तिसरंच. कागद तपासताना इथंच फाईल अडकते. लग्नाचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच काढून ठेवा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमीलेयर, जातवैधता, सगळ्यासाठी तहसीलच्या खेपा आहेत, आणि प्रत्येक खेप म्हणजे एक रजा. आम्ही सात जणींनी एकाच दिवशी रजा टाकून सातींचे अर्ज एकदम दिले. यंदा ज्यांना बसायचंय त्यांनी दिवाळीच्या सुटीतच कागद काढायला घ्यावेत, कारण सीईटीची नोंदणी सुरू झाली की सेवा केंद्रावर उभं राहायलाही जागा नसते.