मांजर लाळ गाळतंय, खात नाहीये? वाट बघू नका

भिवपुरीहून बोलतोय. आज थेट मुद्द्यावर येतो.

मांजर वाटीपाशी येतं, वास घेतं, पण खात नाही आणि लाळ गळतेय? बहुतेक वेळा भूक असते, पण तोंड दुखत असतं: दात, हिरड्या, फोड, नाहीतर अडकलेला माशाचा काटा. अन्नाकडे बघतही नसेल तर मळमळ किंवा विषबाधा असू शकते.

‘उद्या खाईल’ म्हणत बसू नका. 24 तासांच्या आत डॉक्टर गाठा. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की चरबी यकृतात साठते, जिवावर बेततं. गुबगुबीत मांजरांना धोका जास्त.

पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, एक गोळीही जीव घेऊ शकते. तोंडात दोरा दिसला तर ओढू नका.

आणि लस न दिलेलं मांजर अचानक चिडकं झालं असेल, तर रेबीजची शक्यता धरा. तोंडात हात घालू नका. चावलं किंवा ओरखडलं, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्या.

कर्जतमध्ये डॉक्टर नाही मिळाले, तर परळचं ‘बैलघोडा हॉस्पिटल’ आहेच. आधी फोन करा, मग निघा.