फवारणीनंतर दवाखान्याचा कागद कसा वाचावा



पराटीवर फवारा मारून माणूस घरी येतो. डोके गरगरते, मळमळते. घरचे म्हणतात, "उन्हाचं असन." नांदगाव खंडेश्वर भागात हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो भरती झाले. तेव्हा उन्हावर ढकलू नका, १०८ ची गाडी बोलवा. पुढे दवाखान्यात जे शब्द कानावर पडतात, त्यांचा अर्थ आज पाहू.

केसपेपरवर 'ओ.पी. पॉयझनिंग' असे लिहिलेले दिसेल. हे ओ.पी.डी. नव्हे, बरं का. ओ.पी. म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फरस गटाचे कीटकनाशक. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही त्यातलीच.

मग रक्ताची तपासणी लिहून देतात, 'कोलिनेस्टरेज'. आपल्या नसा स्नायूंना हुकूम देतात आणि काम झाले की तो हुकूम थांबविणारा एक पदार्थ शरीरात असतो, तोच हा. मोटारपंप बंद करायचे बटण समजा. ओ.पी. औषधाने ते बटणच निकामी होते आणि मोटार चालूच राहते. म्हणून लाळ गळते, घाम सुटतो, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, अंगाचे मांस फडफडते.

रिपोर्टात तुमचा आकडा आणि शेजारी त्या प्रयोगशाळेची मर्यादा छापलेली असते. त्याच कागदावरच्या मर्यादेशी ताडून पाहा; दुसऱ्या लॅबचा हिशेब वेगळा असतो. साखरेत आकडा वाढला की घाबरतो, इथे उतरला की धोका. पण एक मेख आहे. प्रत्येकाचा मूळचा आकडा निराळा. कुणाचा निम्मा उतरूनही मर्यादेतच दिसेल. म्हणून जो हंगामभर पंप पाठीवर घेतो, त्याने फवारणी सुरू होण्याआधी एकदा ही तपासणी करून कागद जपून ठेवावा.

दुसरी गोष्ट, सायपरमेथ्रिन किंवा इमिडाक्लोप्रिडने हा आकडा उतरतच नाही. रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणजे विषबाधा नाहीच, असे समजू नका. डॉक्टरांना औषधाचे नाव कळलेच पाहिजे. निदान डब्यावरचे लेबल आणि आतले माहितीपत्रक सोबत न्या; उताऱ्याचे नाव त्यावर छापलेले असते.

ओ.पी.चा उतारा ॲट्रोपिन. हे इंजेक्शन चालू असताना तोंड कोरडे पडते, छाती धडधडते, बाहुल्या मोठ्या होतात, रोगी बरळतोही. नातेवाईक म्हणतात, "सुई बाधली." अहो, छातीत भरलेला स्राव सुकविण्यासाठीच ती देतात. बरळणे फार वाढले तर सिस्टरला सांगा, पण सलाईन स्वतः काढू नका.

आणखी एक शब्द, 'डामा'. डॉक्टरांचा सल्ला न मानता रोग्याला घरी नेतो, अशी सही. दुसऱ्या दिवशी रोगी बोलू लागला, वावरात कामे पडली आहेत, म्हणून ही सही होते. या विषात एक ते चार दिवसांच्या दरम्यान मान उचलेनाशी होऊन श्वास अडकू शकतो. 'निरीक्षणाखाली' लिहितात ते याचसाठी.

सुटी झाली की डिस्चार्ज कार्ड मागून घ्या. त्यावर औषधाचे नाव आणि कोलिनेस्टरेजचा आकडा लिहिला आहे का, तेवढे पाहा. उतरलेला आकडा भरून यायला कित्येक आठवडे लागतात; डॉक्टर हो म्हणेपर्यंत फवारणीचा पंप घरच्या दुसऱ्या कुणाकडे द्या.