उभे राहताच पाय का थरथरतात?



घरातील ज्येष्ठ व्यक्ती आरतीला उभी राहते आणि दोन मिनिटांत पाय थरथरू लागल्याने खाली बसते. बँकेतील रांग ती टाळू लागते. मात्र तीच व्यक्ती साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर किंवा सांगलीत कृष्णेच्या घाटावर सहज फिरून येते. ‘वय झाले’, ‘मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून बहुतेक घरांत हा विषय संपतो. वस्तुतः उभे राहताच सुरू होणारा आणि चालताना शमणारा कंप हीच निदानाची पहिली खूण होय.

वैद्यकशास्त्रात या विकारास ‘ऑर्थोस्टॅटिक ट्रेमर’ म्हणतात. हे नाव १९८४ मध्ये दिले गेले. विकार दुर्मीळ असून बहुधा साठीच्या सुमारास सुरू होतो. यात पायांचे स्नायू सेकंदाला १३ ते १८ वेळा आकुंचन पावतात. हा वेग एवढा असतो की कंप डोळ्यांना फारसा दिसत नाही. परंतु पोटरीवर तळहात ठेवला तर जाणवतो. स्टेथोस्कोप लावला तर दूरवर हेलिकॉप्टर घोंघावत असल्यासारखा ध्वनी ऐकू येतो. रुग्णास उभे करून स्नायूंची विद्युत तपासणी, म्हणजेच ईएमजी केली की निदान पक्के होते.

तथापि पायांचा प्रत्येक कंप या एकाच विकाराचा नसतो. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णन केलेल्या कंपवाताचे रूप निराळे आहे. त्यातील कंप सेकंदाला ४ ते ६ वेळा, बहुधा अवयव स्वस्थ असताना आणि प्रथम एकाच बाजूस दिसतो. हालचाली मंदावतात, पावले आखूड पडतात, अक्षर बारीक होते. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांपर्यंत मोजून पाहावा. तळव्यांना मुंग्या येत असतील, डोळे मिटताच तोल जात असेल, तर मधुमेह आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता तपासावी. शाकाहारी कुटुंबांनी तर विशेषच. थायरॉइडच्या अतिरेकानेही कंप सुटतो.

खरा धोका एका शब्दात आहे. उभे राहताना अस्थिर वाटते, म्हणून रुग्ण ‘चक्कर येते’ असे सांगतो आणि त्यास चक्करेच्या गोळ्या मिळतात. सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन तसेच आम्लपित्ताच्या काही गोळ्यांत मिसळलेले लेव्होसल्पिराइड ही औषधे दीर्घकाळ घेतल्यास कंपवातासारखी लक्षणे उद्भवू शकतात. मूळ विकार बाजूला राहतो आणि दुसरा पदरी पडतो! अशा गोळ्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांस मात्र आवर्जून दाखवाव्यात. कवचबीजात लेव्होडोपा असते हे खरे. पण निदानापूर्वी घरच्या घरी चूर्ण सुरू करणे हेही तितकेच घातक.

जत-आटपाडीचा रुग्ण मिरजेस जातो, पाटणचा कराडास, माण-खटावचा साताऱ्यास. एवढा प्रवास करून तो तज्ज्ञांसमोर खुर्चीवर बसतो आणि नेमका तेव्हाच कंप नाहीसा झालेला असतो. म्हणून कुटुंबीयांनी चार गोष्टी नोंदवून न्याव्यात : उभे राहिल्यावर किती सेकंदांनी कंप सुरू होतो, बसल्यावर, चालल्यावर वा टेकल्यावर थांबतो काय, एका पायात आहे की दोन्ही, आणि गेल्या वर्षभरात कोणकोणती औषधे घेतली. मोबाईलवर चित्रफीत घ्यावी आणि तपासणी उभे करून व्हावी, अशी नम्र विनंती करावी.

ऑर्थोस्टॅटिक ट्रेमर समूळ बरा करणारे औषध आज नाही. क्लोनाझेपामसारख्या औषधांनी काहींना आराम पडतो. पण नाव कळले की ‘ढोंग करतो’ हा कलंक पुसला जातो आणि नको ती औषधेही टळतात. ज्येष्ठांच्या सेवेत औषधपाण्याइतकेच डोळस निरीक्षणही येते, हे प्रत्येक घराने ध्यानी घ्यावे.